वामन भोसले, बारा वर्षांची असिस्टंटगिरी आणि संकलकाची कारकीर्द

सिंगलस्क्रीन (धागालेखक)

संकलकांवर (चित्रपटाच्या एडिटरांवर) मराठीत लिहिलं जातं ते बहुधा ते गेल्यावर. वामन भोसले २०२१च्या एप्रिलमध्ये गेले, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, त्यामुळे त्यांच्या वाट्याला तेही धड आलं नाही. दोन-चार बातम्या, सुभाष घईंचं एक ट्वीट, संपलं. म्हणून हा धागा.

माणूस गोव्याचा, पोंबुर्फ्याचा. १९५२ साली नोकरीच्या शोधात मुंबईला आला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता हे आपण विसरतो. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै या संकलकांच्या हाताखाली त्यांना काम शिकायला मिळालं. बॉम्बे टॉकीजला तेव्हा घरघर लागलेली. पुढे गोरेगावचा फिल्मिस्तान स्टुडिओ, आणि तिथे सुमारे बारा वर्षं सहायक. स्वतःच्या नावावर पहिला चित्रपट आला तो राज खोसलांचा 'दो रास्ते', १९६९ साली. (जाता जाता: त्याची कथा चंद्रकांत काकोडकरांच्या 'निलांबरी' या मराठी कादंबरीवरून घेतलेली.) म्हणजे विशीत मुंबईला आलेला माणूस पडद्यावर स्वतःचं नाव बघायला पस्तिशी ओलांडून बसला होता.

आणि मग जे सुरू झालं ते थांबलंच नाही. 'मेरा गाँव मेरा देश', 'आँधी', 'मौसम', 'कालीचरण', 'इन्कार', 'कर्ज', 'दोस्ताना', 'हीरो', 'राम लखन', 'अग्निपथ', 'सौदागर', 'गुलाम'. दोनशेच्या वर चित्रपट. बराच काळ जोडीदार गुरुदत्त शिराळी यांच्यासोबत. 'इन्कार'साठी पंचविसाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संकलन, 'सौदागर'साठी फिल्मफेअर.

ही यादी नुसती वाचली तरी एक गोष्ट खटकायला हवी. 'आँधी' आणि 'कर्ज' एकाच टेबलावरून गेलेत. 'आँधी'त सुचित्रा सेनच्या केसांत ती पांढरी बट आहे. बट असली की आज, नसली की तेव्हा. काळ बदलला हे सांगायला पडदा धूसर करण्याची, पानं उडवण्याची गरज नाही. संकलकाला फक्त कुठे जायचं आणि केव्हा परतायचं हे ठरवायचं आहे, आणि ते इतक्या सावकाश ठरवलंय की आपण जातोय हे कळत नाही. 'कर्ज'मध्ये उलटं. माँटी गिटारवर ती धून वाजवतो आणि मागच्या जन्मातले तुकडे झटक्याने येऊन आदळतात. तिथे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, दचकायला झालं पाहिजे. गुलजारांचा संथपणा आणि घईंचा भपका दोन्ही ज्याच्या हातून नीट उतरतात त्याची स्वतःची शैली कोणती?

माझं म्हणणं असं की त्याची शैली असूच नये, आणि हे त्या बारा वर्षांत शिकायला मिळतं. फिल्मिस्तानसारख्या स्टुडिओत पौराणिक, सामाजिक, नाचगाण्याचे, रडके, सगळे चित्रपट एकाच खोलीत येत. सहायक म्हणून तुम्ही आपली आवड चालवू शकत नाही. दुसऱ्याची बघता, हाताने जोडता, परत उसवता. आजचे संकलक दोन-तीन वर्षांत 'इंडिपेंडंट' होतात आणि पाचव्या कामापर्यंत सगळं एकाच चालीचं दिसायला लागतं. पटतंय का?

म्हापसेकर

वा! पोंबुर्फा म्हटलं की लोकांना झर आठवते, वामनबाब आठवणारे फार थोडे. धन्यवाद या धाग्याबद्दल.

एक भर. हिंदी सिनेमात गोंयकार म्हटलं की संगीत संयोजक आठवतात. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. आणि मंगेशीमुळे मंगेशकर. पण काळोखात बसून काम करणारेही आमचेच होते हे सांगायला कोणी जात नाही. २००४ पासून इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात होतोय, दरवर्षी पणजीत रोषणाई. तिथे एखादं सत्र कायमचं वामन भोसल्यांच्या नावाने संकलनावर ठेवायला काय हरकत आहे?

अर्धवटराव

बाळबोध प्रश्न. श्रेयनामावलीत 'वामन-गुरुदत्त' असं वाचून मी वर्षानुवर्षं समजत होतो की 'प्यासा'वाले गुरुदत्त. म्हटलं ते तर १९६४लाच गेले, मग 'कर्ज' कसं काय एडिट केलं. आज उलगडा झाला.

ट्रिमबिन

@अर्धवटराव, तुम्ही एकटे नाही. 'प्यासा'वाल्या गुरुदत्तांचे संकलक वाय. जी. चव्हाण. तेही विसरलेलं नाव.

मी या धंद्यात फिल्मच्या काळात होतो, सहायक म्हणून, नंतर बाहेर पडलो. मोठी नावं माझ्या वाट्याला आली नाहीत, पण खोली तीच होती. धागालेखकांनी बारा वर्षं म्हटलंय, त्यात माणूस करायचा काय ते सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना खरंच वाटतं की आम्ही चहा आणायचो. (आणायचोही.)

पस्तीस एमएमच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटी रीळ अकरा मिनिटं. हे पाढे आधी. मग लॅबमधून रशेस (शूट झालेल्या फिल्मच्या कच्च्या प्रती) यायच्या, चित्राची वेगळी, आवाजाची वेगळी. क्लॅपची पट्टी मिटते ती फ्रेम शोधायची, आवाजातला 'टक' शोधायचा, दोन्हींवर खूण, आणि लाइन-अप. दिवसभराच्या शूटिंगचे असे कितीतरी टेक. त्यानंतर कडेला नंबर. हा नंबर चुकला की पुढे निगेटिव्ह कापणारा चुकणार, आणि निगेटिव्ह एकच असते.

संकलक बोट ठेवेल तिथे ग्रीस पेन्सिलीने खूण करून कापायचं. कापून उरलेला तुकडा म्हणजे ट्रिम. तो फेकायचा नाही. कापडी पिशवी लावलेल्या चौकटीवर (हीच ट्रिम बिन) खिळ्यांना टांगायचा, सीन-शॉट-टेक लिहून. माझं टोपणनाव तिथूनच आलंय. तीन आठवड्यांनी दिग्दर्शक येऊन म्हणणार, "त्या क्लोजअपमध्ये तिने डोळे मिटले होते, तेवढं परत लावा." ते डोळे मिटणं म्हणजे आठ फ्रेम, अर्धा फूट. ते अर्ध्या मिनिटात सापडलं नाही तर सगळ्यांदेखत उद्धार.

पूर्वी जोड सिमेंटचा. इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) खरवडायचं, द्रव लावायचा, एकावर एक दाबून धरायचं. हा जोड उसवला की दोन्हीकडची फ्रेम गेली. तेवढ्या जागी काळी फिल्म घालायची, नाहीतर आवाज सरकला. पुढे पारदर्शक टेपचा स्प्लायसर आला, त्यात फ्रेम जात नाही. पण सिमेंटवर शिकलेल्या लोकांना एक सवय लागलेली असायची: कापायच्या आधी पुष्कळ वेळ बघायचं. मूव्हिओलावर (फिल्म बघत कापायच्या यंत्रावर) पुढे-मागे, पुढे-मागे, ते यंत्र शिवणयंत्रासारखं खडखडतंय, आणि वरिष्ठ नुसते बघतायत. आम्ही मागे उभे. मग एकदम "इथे." का इथे, हे विचारायची सोय नव्हती, पण शंभरदा "इथे" ऐकलं की एकशे एकाव्या वेळी आपल्या मनातही तीच फ्रेम यायची.

तेव्हा धागालेखकांशी सहमत, पण एवढंच. शैली नसावी वगैरे मला कळत नाही.

टाइमलाइनवाली

ट्रिमबिन काका, प्रतिसाद फारच आवडला, प्रिंट काढून ठेवणार आहे. पण धागालेखकांच्या निष्कर्षाला माझा साफ विरोध.

मी मालिका आणि अधूनमधून वेब सिरीज एडिट करते. बारा वर्षं सहायक राहणं ज्यांना परवडलं त्यांची कारकीर्द आपण आज वाचतोय. त्याच खोलीत मागे उभे असलेले आणि पुढे कधीच खुर्चीत न बसलेले किती? त्यांच्यावर धागा निघत नाही. 'तपश्चर्या' हा शब्द कुणी वापरला नाहीये अजून, पण वास येतोय. आणि त्या मागे उभ्या राहणाऱ्यांत बायका किती होत्या? रात्री दोनला स्टुडिओतून घरी कोण सोडणार होतं?

आता खरं दुखणं. हल्ली सहायकाला मागे उभं राहायलाही मिळत नाही. माझी सुरुवात एका मोठ्या कार्यालयात झाली. रात्रपाळीला कॅमेऱ्याची मेमरी कार्ड यायची, कॉपी करायची, दोन ड्राइव्हवर बॅकअप, आवाज सिंक, प्रॉक्सी म्हणजे हलक्या प्रती बनवायच्या, बिन (शॉट्सचे फोल्डर) लावायच्या, सकाळी एडिटर यायच्या आत निघायचं. काम तेच जे काका सांगतायत, पण एडिटर आणि दिग्दर्शक भांडतात ते ऐकायला मी खोलीत नसायची. सगळं शिक्षण त्या भांडणात असतं! मला शॉट कसा लावायचा हे कळत होतं, का काढला हे कधी कळलं नाही. मग मी एक युक्ती केली. एडिटर रात्री निघताना जुन्या आवृत्त्या तशाच ठेवून जायचे. मी पहिली आणि नववी आवृत्ती शेजारी शेजारी लावून बघायचे, काय गेलं ते लिहून ठेवायचे. गुरू असा मिळाला.

मालिकेचं तर विचारूच नका. रोजचा बावीस-तेवीस मिनिटांचा भाग, त्यातले अर्धे प्रसंग संध्याकाळी हातात येणार, रात्री चॅनेलकडे जाणार. सासूने वाक्य टाकलं की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे, ओळीने. लोक हसतात त्याला. पण कधीकधी ते चेहरे एवढ्यासाठी असतात की भाग दीड मिनिट कमी भरलाय. ही काटछाट नव्हे, ही भरती. याला संकलन म्हणायचं का, यावर मी स्वतःशी अजून वाद घालते.

नाखवा

वाचतोय. पण मला मुळातच एक शंका. दिग्दर्शकाने वाईट शूट केलेलं संकलकाने सावरलं, की चांगलं शूट केलेलं नुसतं ओळीने लावलं, हे प्रेक्षकाला कसं कळणार? कापलेलं तर आपल्याला दिसतच नाही. मग पुरस्कार देणारे तरी काय बघून देतात? मला तर वाटतं पाठलाग आणि मारामारी असली की 'संकलन छान'. 'इन्कार'ला मिळाला, 'आँधी'ला नाही, यातच आलं.

सिंगलस्क्रीन

@नाखवा, 'इन्कार' म्हणजे निव्वळ पाठलाग नव्हे हो. मूळ जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'हाय अँड लो'वरून घेतलेला. डॉ. लागू बुटांच्या कंपनीचे मालक. पळवून नेलेला मुलगा आपला नसून नोकराचा आहे हे कळल्यावर खंडणी भरायची की नाही, हा पेच. तो ताण चार भिंतींतला आहे. लोकांना मात्र त्यातलं हेलनचं 'मुंगळा' तेवढं लक्षात राहिलं, त्याला इलाज नाही. बाकी शंका रास्त आहे. दिसत नाही हे खरंच.

@टाइमलाइनवाली, तुमचा मुद्दा मान्य करायला जड जातंय, पण 'ज्यांना परवडलं' हे बरोबर आहे. फक्त एक: स्टुडिओची नोकरी महिन्याच्या पगाराची होती. फ्रीलान्स असिस्टंटगिरीपेक्षा ती परवडण्यासारखी असावी.

ट्रिमबिन

नाखवांना 'शोले'वरून उत्तर देतो. संकलक एम. एस. शिंदे, माधव शिंदे, मराठी माणूस. फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती त्या चित्रपटाला, मिळालं एकच, शिंद्यांना. लोक आजही याची चेष्टा करतात की एवढ्या चित्रपटाला काय तर एडिटिंगचं अवॉर्ड. मला त्यात चेष्टेसारखं काही दिसत नाही. आकडा असा छापून आलाय की तीन लाख फुटांच्या आसपास फिल्म शूट झाली. नव्वदने भागा: पंचावन्न तासांच्या वर. सव्वातीन-साडेतीन तासांचा चित्रपट म्हणजे अठरा हजार फुटांच्या आगेमागे. म्हणजे सोळा-सतरा फुटांतला एक ठेवला, बाकीचे टांगले.

आणि कापलेलं दिसत नाही म्हणता, तर हे बघा. सचिन पिळगावकरांचा अहमद. गब्बरच्या हातावर मुंगळा चढतो, तो त्याला चिरडतो, आणि पुढे थेट घोड्यावरून गावात येणारं प्रेत. मारल्याचा प्रसंग नाही. प्रेक्षक शपथेवर सांगतात की आम्ही त्या मुलाला मारताना पाहिलं. कुठे पाहिलं? दोन शॉट्सच्या मधल्या जोडात.

शेवट मात्र शिंद्यांच्याही हातात नव्हता. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो तो शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरला चालला नाही, पोलिस येतात तो शेवट लावावा लागला. संकलकाच्या कारकिर्दीत हेही येतं: आपण जोडलेलं आपल्याच हातांनी उसवायचं आणि वर जोड दिसू द्यायचा नाही.

घारापुरी

अवांतर: मायेकर (राज कपूरचे 'आवारा', 'श्री ४२०'), चिंतामणी बोरकर (शांतारामबापूंचे 'दो आँखें बारह हाथ', 'नवरंग'), शिंदे, भोसले, चव्हाण. हिंदीच्या सुवर्णकाळात संकलनाच्या खोलीत एवढी मराठी-कोकणी आडनावं कशी? माझा आपला तर्क. राजकमल स्टुडिओ परळला, रणजित स्टुडिओ दादरला, आजूबाजूला गिरणगाव. हाताने नेमकं काम करणारी, वेळ पाळणारी, हिशेब ठेवणारी पोरं चाळीतून सहज मिळत असणार. अभिनेता व्हायला उर्दू लागायचं, एडिटर व्हायला नजर आणि बोटं. तज्ज्ञांनी खोडून काढावं.

अर्धवटराव

उर्दू न येता उर्दू संवाद कापायचे म्हणजे जोखीमच की.

ट्रिमबिन

@अर्धवटराव, श्वास कुठे घेतला हे ऐकू आलं की भाषा येण्याची फार गरज पडत नाही. आणि नाही कळलं तर संवादलेखक बाहेर सिगरेट ओढत उभे असायचेच.

शुभदा_कोथरूड

एवढी चर्चा झाली आणि रेणू सलुजाचं नाव नाही? टाइमलाइनवालीने बायकांचा विषय काढला म्हणून लिहिते.

१९७०च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला ती गेली होती दिग्दर्शनासाठी. ते मिळालं नाही, संकलन मिळालं. विधु विनोद चोप्रा, कुंदन शाह, सईद मिर्झा हे तिथलेच त्या काळातले. बाहेर पडल्यावर बारा वर्षं कुणाच्या मागे उभी राहिली नाही. १९८०च्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है'पासून थेट खुर्चीत. 'जाने भी दो यारो', 'अर्धसत्य', 'परिंदा', 'बँडिट क्वीन', '१९४२: अ लव्ह स्टोरी', 'हे राम'. राष्ट्रीय पुरस्कार चार: 'परिंदा', 'धारावी', 'सरदार', 'गॉडमदर'. २०००च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने गेली तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती.

आणि नाखवा, कापलेलं दिसत नाही त्याचं याहून भारी उदाहरण घ्या. 'जाने भी दो यारो'त अनुपम खेर होते! 'डिस्को किलर' नावाचं पात्र. शूट झालं, आणि अख्खं पात्र अंतिम चित्रपटात नाही. तो चित्रपट बघताना कुणाला कधी वाटलं का, की इथे एक माणूस कमी आहे? आणि त्यात महाभारताच्या नाटकाचा शेवटचा गोंधळ बघा. स्टेजवर प्रेत, पोलिस, बिल्डर, द्रौपदी, धृतराष्ट्र, सगळे एकमेकांच्या वाक्यांवर चढतायत. तरी कोण कुणाला काय म्हणालं हे एकदाही निसटत नाही. तिथे ना पाठलाग, ना मारामारी.

धागालेखकांचं 'शैली असूच नये' हेही मला पटत नाही. 'परिंदा'मधला कबुतरखाना बघितल्यावर तरी नाही. गोळी आणि पंखांची फडफड अशी मिसळलीय की गर्दी आणि पक्षी वेगळे काढता येत नाहीत. हे 'दिसू नये' अशा बेताने केलेलं नाहीच मुळी.

गंमत म्हणजे तुमच्याच गोष्टीत ती येते. घईंचे 'कालीचरण'पासून 'खलनायक'पर्यंतचे चित्रपट भोसल्यांकडे, १९९७चा 'परदेस' रेणूकडे, आणि 'ताल' घईंनी स्वतःच एडिट केला. भोसले गेल्यावर घईंनी ते आपले एडिटिंगचे गुरू होते, त्यांच्यामुळेच 'ताल' स्वतः कापायचं धाडस केलं, अशा अर्थाचं लिहिलं होतं. म्हणजे बारा वर्षांचं शिक्षण शेवटी गेलं एका दिग्दर्शकाकडे.

सिंगलस्क्रीन

शुभदाताई, कबुतरखान्यापुढे माझी बोलती बंद. पण एक धरून ठेवतो: रेणू सलुजा थेट खुर्चीत बसली, कारण इन्स्टिट्यूटमध्ये तिने बरोबरच्यांच्या डिप्लोमा फिल्म (अभ्यासक्रमाच्या शेवटी करायच्या फिल्म) कापल्या होत्या. चोप्रांची डिप्लोमा फिल्म तिनेच केली. खोली बदलली, मागे उभं राहण्याऐवजी शेजारी बसून भांडणं आलं. टाइमलाइनवाली म्हणतात ते भांडण तिला विशीतच मिळालं.

टाइमलाइनवाली

हां! आता कसं. मला हेच म्हणायचं होतं. वर्षं किती हा प्रश्नच नाही. खोलीत कोण आहे आणि बोलायची मुभा आहे का, एवढंच बघा.

म्हापसेकर

दोघांचंही एकमत झालं, आता धागा शंभरी गाठणार नाही :)

रानजाई

थोडा व्यावहारिक प्रश्न विचारू का? भाची बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, नाशिकला. लग्नाचे आणि कॉलेजचे व्हिडिओ एडिट करून थोडे पैसे मिळवते. आता म्हणते हेच करायचं. माझी बहीण धास्तावलीय. यात कारकीर्द होते का, आणि तिने इन्स्टिट्यूटला जावं की मुंबईला?

टाइमलाइनवाली

रानजाई ताई, होते. पण पहिली चार-पाच वर्षं पैसे कमी आणि उशिरा, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा. माझे एका निर्मात्याकडचे पैसे मालिका बंद पडली तरी आलेले नाहीत. तेव्हापासून कामाचे पैसे हातात आल्याशिवाय अंतिम प्रत देत नाही, त्याआधी देते ती वॉटरमार्क टाकून. भाचीला लग्नाच्या व्हिडिओपासूनच ही सवय लावा.

इन्स्टिट्यूटबद्दल: पुण्याचं एफटीआयआय आणि कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे संकलनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कुठल्याही शाखेची पदवी चालते. बी.कॉम. अडचण नाही. प्रवेश परीक्षा आहे, जागा मोजक्याच, नियम बदलत राहतात, त्यांचं संकेतस्थळ बघा. मिळालं तर डोळे मिटून जावं. शिकवतात म्हणून तर आहेच, त्याहून जास्त म्हणजे पुढचे दिग्दर्शक तिथे मेसमध्ये भेटतात. वर शुभदाताईंनी लिहिलेली सगळी नावं बघा, एकमेकांना कामं त्यांनीच दिली. राजकुमार हिरानीही तिथले संकलनाचेच विद्यार्थी, आजही स्वतःचे चित्रपट स्वतः एडिट करतात.

नाही मिळालं तर मुंबई. सॉफ्टवेअर कुठलं शिकू असं ती विचारेल. कुठलंही. प्रीमियर शिकलेली मुलगी अ‍ॅव्हिडवर महिन्याभरात हात बसवते. त्यापेक्षा हे विचारा: एखाद्या लग्नाच्या व्हिडिओतून तिने आपण होऊन काय काढलं, आणि नवऱ्या मुलाच्या आईला ते कसं पटवलं? हे जमत असेल तर मुलगी धंद्यात टिकेल.

ट्रिमबिन

आणि पाठीचं सांगा तिला. आम्ही निदान उभे असायचो. ही मुलं चौदा तास खुर्चीत.

रानजाई

दोघांचे आभार. भाचीला धागा पाठवला. तिचं उत्तर: "वरमाईला पटवलंय, तीनदा." बहीण अजून धास्तावलेलीच आहे.

नाखवा

मंडळी, तुमच्या नादाने 'कर्ज' काढला आणि धागालेखक म्हणतात ते तुकडे आवाज बंद करून बघितले, म्हटलं कात्री दिसते का बघू. काही कळेना. गिटार वाजवणारा माणूस, मधेच जीप, मंदिर, बाई, परत गिटार. आवाज लावला आणि लगेच सगळं जागेवर. मग श्रेय संकलकाचं की लक्ष्मीकांत-प्यारेलालांचं?

ट्रिमबिन

नाखवा, ते दोन वेगळे काढता येत नाहीत, कारण गाणं आणि धून शूटिंगच्या आधी ध्वनिमुद्रित झालेली असते. सेटवर ती लावून त्यावर बोटं हलवून घेतात. टेबलावर पहिल्यांदा आवाजाची पट्टी चढते, पूर्ण, न कापता, आणि चित्र तिच्यावर बसवायचं. गाण्यात संकलकाला चित्र इकडेतिकडे करता येतं, आवाजाला हात लावता येत नाही. आठवणीचा तुकडा कुठल्या सुरावर येणार, किती फ्रेम टिकणार आणि पुढचा सूर यायच्या आत गिटारवर परत कसं यायचं, हा सगळा हिशेब त्या पट्टीवर ग्रीस पेन्सिलीने खुणा करून होतो. म्हणून आवाज बंद केल्यावर ते मोडलेलं दिसतं. आता 'आँधी' घ्या, गाणी वगळून, आणि तो आवाज बंद करून बघा. मग बोलू.

सिंगलस्क्रीन

मायेकरांवर वेगळा धागा काढतोय या आठवड्यात. घारापुरी, तुमच्या गिरणगावच्या तर्काचं तिथे बघू. राजकमल किंवा आर. के.च्या संकलन विभागात कुणाचे आजोबा, काका असतील तर तोवर लिहून ठेवा, नावं न घेता चालेल.

नाखवा

'आँधी' रविवारी. गाणी वगळून म्हणजे अर्धा चित्रपट वगळल्यासारखंच आहे, पण बघतो.